आधी रकाना, मग हुद्दा : ‘सेव्ह’ची कुळकथा

क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलला तरी आधीचा मैदानातच असतो. कप्तानाला वाटलं तर पुन्हा चेंडू हाती घेतो. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला पिचर, म्हणजे तिथला गोलंदाज, त्या सामन्यापुरता गेलाच. त्याच्या जागी येतो तो रिलीफ पिचर. १८९१मध्ये खेळाडू बदलण्याचे नियम सैल झाले, तरी पुढे कित्येक वर्षं रिलीफचं काम दुय्यमच समजलं गेलं. जमाखर्चात पिचरसाठी ‘विजय’ आणि ‘पराभव’ हेच ठळक रकाने. दुसऱ्याने मिळवलेली आघाडी राखणाऱ्याच्या नावावर काय मांडायचं?

१९५९मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सचा रिलीफ पिचर एलरॉय फेस १८ सामने जिंकला, हरला फक्त १. सगळे भारावले. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन मात्र भारावले नाहीत. संघ निर्णायक आघाडी घेतो त्या वेळी जो पिचर असेल त्याला विजय मिळतो. फेसच्या काही विजयांत आघाडी त्यानेच घालवली होती आणि फलंदाजांनी ती परत मिळवून दिली होती. म्हणजे सामना नीट राखला तर पदरी काही नाही, आणि घालवून मग सावरला गेला तर विजय! हा उफराटा हिशेब सुधारायला होल्ट्झमन यांनी नवा रकाना आखला : ‘सेव्ह’.

१९६९मध्ये तो अधिकृत झाला. गंमत अशी, की ७ एप्रिलला पहिला अधिकृत सेव्ह मिळाला तो लॉस एंजेलिस डॉजर्सच्या बिल सिंगरला, आणि सिंगर मुळात सामन्याची सुरुवात करणारा पिचर! १९७५पासूनचा नियम ढोबळमानाने असा : सामना संपवायचा, आणि आघाडी तीन धावांहून जास्त नसेल तर किमान एक इनिंग टाकायची.

त्या ‘एक इनिंग’ने धंदाच बदलला. १९७४मध्ये रिलीफ पिचर माइक मार्शलने १०६ सामन्यांत २०८ इनिंग टाकल्या होत्या. पुढे ओकलंडचे व्यवस्थापक टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्स्लीला बहुतेक वेळा नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगसाठीच राखून ठेवलं. १९९२मध्ये त्याने ८० इनिंगमध्ये ५१ सेव्ह मिळवले. ‘क्लोजर’ हा स्वतंत्र हुद्दा पक्का झाला. पण सामना कधीकधी सातव्या इनिंगलाच बुडू लागतो, तेव्हाही संघाचा सर्वोत्तम रिलीफ पिचर नवव्याची वाट पाहत बसून राहतो. काम मोजण्यासाठी आखलेल्या रकान्याने कामालाच आपल्या मापात बसवलं.

न्यूयॉर्क यँकीजचा, पनामात जन्मलेला मारियानो रिव्हेरा याने ६५२ सेव्हचा विक्रम केला. २०१९मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी त्याला ४२५पैकी ४२५ मतं पडली. असा एकमताने निवडला गेलेला तो पहिलाच खेळाडू. मत देणारे सगळे होल्ट्झमन यांचेच व्यवसायबंधू, बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार होते.