एकास पस्तीस

नगरच्या माणसाला रणगाड्याचं अप्रूप नसतं. 1948 पासून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथं आहे, के. के. रेंजवरचे धमाके ऐकत आमच्या पिढ्या वाढल्या. (2024 पासून नाव अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच बसलंय.) त्यामुळे मी रणगाड्यांची प्लास्टिकची किट जोडतो म्हटल्यावर नातेवाईक विचारतात, "अरे, खरे उभे आहेत की भिंगारला! मग हे खेळण्यातले कशाला?" त्याचंच हे जरा लांबलेलं उत्तर.

आधी माप. बहुतेक किट एकास पस्तीस या प्रमाणात असतात. म्हणजे पावणेसहा फुटी माणूस पाच सेंटिमीटरचा. हे विचित्र माप आलं कुठून? टामिया या जपानी कंपनीने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथरचं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. त्या बसवून जो आकार आला, तो मोजला तर खऱ्याच्या साधारण पस्तिसावा भाग निघाला. पुढे जगाने तेच उचललं. काय गंमत आहे बघा, बॅटरीच्या जाडीवरून प्रमाण ठरलं!

आता निवड. टी-72, टी-90, अमेरिकन एब्रम्स, जर्मन लेपर्ड यांची किट हवी तेवढी मिळतात. आपला आवडीला (चेन्नईजवळच्या कारखान्यात) बनलेला विजयंता मात्र मला अजून कुठल्या दुकानात दिसलेला नाही. पेटीवरचं चित्र बघून घ्यायचा मोह होतोच. माझा नियम असा, की आधी एक विशिष्ट रणगाडा ठरवायचा, मग त्याचा एक विशिष्ट दिवस, आणि पेटी सगळ्यात शेवटी. कारण 'सेंच्युरियन' म्हणजे काही एकच गाडा नव्हे. एका मार्कपासून दुसऱ्या मार्कपर्यंत तोफ बदलते, चिलखत बदलते. जुने फोटो समोर ठेवल्याशिवाय कटर हातात घेऊ नये.

मी ठरवलेला सेंच्युरियन म्हणजे 'फामागुस्ता'. सायप्रसमधल्या एका बंदराचं हे नाव. पूना हॉर्सच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा हा रणगाडा. जन्म पुण्याचा, 1950चा. जून 1971मध्ये कमिशन मिळालं, आणि युद्ध पेटलं तेव्हा ते यंग ऑफिसर्स कोर्ससाठी इथेच, नगरला होते. इथूनच आघाडीवर गेले. 16 डिसेंबरला बसंतरच्या लढाईत पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांचा प्रतिहल्ला त्यांनी अडवला. गाडा पेटला, बाहेर पडायचा हुकूम आला. तोफ चालू आहे म्हणून ते उतरले नाहीत. वय 21. मरणोत्तर परमवीर चक्र. तो गाडा पुढे दुरुस्त होऊन नगरलाच जतन केला गेला. म्हणजे कोर्स अर्धवट टाकून मुलगा गेला, आणि परत आला तो त्याचा रणगाडा.

इथे माझं गाडं अडतं. संग्रहालयातला रणगाडा नेहमी स्वच्छ, ताज्या रंगातला असतो. 1994 साली सुरू झालेलं आपलं कॅव्हलरी टँक म्युझियम मला मनापासून आवडतं, पण तिथल्या चकचकीत रंगाखाली काय घडलं ते फलक वाचूनच कळतं. मॉडेलमध्ये मात्र ठरवावं लागतं. धूळ किती, काजळी किती, गोळ्याचं भोक दाखवायचं की नाही. जळक्या रंगाच्या वॉशने परिणाम झकास साधतो. मॉडेलवाल्यांना तो फार प्रिय. पण ज्या पोलादाआड माणूस गेला तिथे 'झकास' हा शब्द मला जिभेवर जड जातो.

2001 साली खेत्रपालांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर, पाकिस्तानात आपलं जन्मगाव बघायला गेले. त्यांचे यजमान होते तिकडचे ब्रिगेडियर नासिर. त्यांनी पाहुण्याला सांगितलं, तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला. नासिर आणि तो मुलगा, दोघंही रणगाडा दलातले.

हे वाचल्यापासून माझं ठरलं. फामागुस्ता करायचा तो सकाळचा, गोळा लागण्याआधीचा. बुरुजाचं झाकण उघडं, त्यात पाच सेंटिमीटरचा एक तरुण. आणि त्याच फळीवर, त्याच मापाचा एक पॅटन. त्याचंही झाकण उघडं, त्यातही एक माणूस.

पॅटनची पेटी कालच आणली.