खापरपणजोबांचा नंबर

मॉरिशसहून कुणी मराठी वंशज मूळ गाव शोधत रत्नागिरीत येतो, तेव्हा त्याला इथे पहिला प्रश्न विचारला जातो तो आडनावाचा. आणि पहिल्याच पावलाला वाट खुंटते. त्याच्या पासपोर्टवर आडनाव म्हणून जे छापलेलं असतं, ते बहुधा एखाद्या पूर्वजाचं पाळण्यातलं नाव असतं. बंदरावरच्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं उतरवलेलं, पुढे फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगात घट्ट बसलेलं. त्यावरून घर सावंतांचं की शिंद्यांचं, हे कुणाच्या बापाला सांगता यायचं नाही. म्हणून या अभ्यासात नव्याने येणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असतं की नाव बाजूला ठेवा, नंबर शोधा.

पार्श्वभूमी थोडक्यात. 1835 मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. ऊसमळ्यांना माणसं हवी होती आणि त्याआधीच, 1834 पासून, कलकत्त्याहून करारबद्ध मजूर आणायला सुरुवात झाली होती. मजुरांच्या हालांचा बोभाटा झाल्यावर ही भरती बंद पडली. 1842 च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून ती पुन्हा सुरू झाली. अगदी सुरुवातीचे करार पाच वर्षांचे, महिना पाच रुपये आणि वर शिधा. सगळे मिळून साडेचार लाखांच्या आसपास लोक या एका बेटावर उतरले. त्यांत मुंबईहून गेलेले थोडे, आणि 1860 नंतर तो ओघही आटत गेला. याच सुमाराला मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या होत्या, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. गलबतातून मुंबई गाठता येत असताना कोकणातला माणूस समुद्र ओलांडून ऊस तोडायला कशाला जाईल?

पोर्ट लुईच्या बंदरावर 1849 मध्ये आगमन-केंद्र उभं राहिलं. आज ते आप्रवासी घाट म्हणून ओळखलं जातं आणि 2006 पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. उतरणाऱ्या प्रत्येकाला नंबर मिळे आणि तो मरेपर्यंत सुटत नसे. रजिस्टरात नंबरासमोर जहाज, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गाव आणि कोणत्या मळ्यावर पाठवलं ते लिहीत. ही रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. 1860 च्या दशकात मजुरांचे फोटोही काढायला लागले. एवढा तपशील कोकणातल्या त्या काळच्या कुठल्या कुळाबद्दल कागदावर सापडेल? पण तो वंशजांच्या सोयीसाठी लिहिलेला नव्हता. मळ्यावरून पळालेला माणूस ओळखता यावा, एवढाच त्यामागचा हेतू. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचा, हा तिथला कायदा. करार संपलेल्यांनाही 1867 च्या कायद्याने फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे. या जाचाविरुद्ध अडोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने तयार केलेल्या अर्जावर 9,401 जणांची नावं होती, आणि 1872 मध्ये चौकशीसाठी शाही आयोग आला.

यातून अभ्यासकाच्या हाती एक चमत्कारिक नियम येतो. जो पळाला, ज्याला बिनापासाचं धरलं, ज्याने मुकादमाविरुद्ध फिर्याद केली, त्याचा माग लांबवर लागतो. मुकाट्याने खपलेला माणूस रजिस्टरात येतो आणि एकदम मृत्यूच्या नोंदीत भेटतो. खापरपणजोबा तुरुंगात सापडले तर ओशाळू नका. पुढचे चार कागद तिथूनच मिळतील.

जमीन घेतलेल्यांचाही माग असाच चांगला लागतो. 1870 नंतर मोठे मळे तुकडे पाडून विकले जाऊ लागले आणि गाठीला चार पैसे बांधलेल्या सरदारांनी, म्हणजे तिथल्या मुकादमांनी, ते घेतले. राज्य इंग्रजांचं असलं तरी दिवाणी कायदा फ्रेंचच राहिला होता, त्यामुळे ही खरेदीखतं नोटरीकडे, फ्रेंचमध्ये झाली. त्यांत खरेदीदाराच्या नावाशेजारी पुष्कळदा त्याचा नंबर असतो. खरेदीखतावरून नंबर, नंबरावरून जहाज, जहाजावरून जिल्हा: शोधाची दिशा अशी उलटी ठेवावी. कोकणातून सुरुवात करणारे बहुतेक कोकणातच अडकतात.

रजिस्टरात रत्नागिरी जिल्हा सापडला म्हणजे गाव सापडलं असं नाही. आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग तेव्हा त्यातच होता; तो वेगळा जिल्हा झाला 1981 मध्ये. तालुक्यांची नावं अंजनवेल, सुवर्णदुर्ग अशी जुन्या किल्ल्यांवरून आलेली. 1880 च्या गॅझेटियरचा दहावा खंड शेजारी असल्याशिवाय ती उलगडत नाहीत. गावं खोतीची असल्यामुळे कुळांचे हिशेब खोताच्या घरी, आणि खोताचं दप्तर कुणाच्या माळ्यावर असेल किंवा वाळवीच्या पोटात. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार जरूर पाहावं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. ज्यांना यात्रा परवडली त्यांच्याच वंशावळी तिथे आहेत.

जातीचा रकाना सांभाळून वाचावा. कलकत्त्याच्या सुरुवातीच्या जहाजांवरचे ‘धांगर’ हे छोटा नागपूरचे आदिवासी. आपल्या धनगरांशी त्यांचा संबंध नाही. उलट मुंबईच्या जहाजावरच्या नावाच्या शेवटी ‘नाक’ दिसलं, तर ती बहुधा महार घराची खूण. भीमा कोरेगावच्या स्तंभावरची नावं आठवावीत. घरातल्या ऐकीव गोष्टींशी रजिस्टर जुळेलच असं नाही. अशा वेळी माझा कौल रजिस्टराकडे असतो, पण कारकुनाने सगळ्या टोळीला एकच जात लावलेली नाही ना, हे आधी मागची-पुढची पानं उलटून पाहावं.

सगळ्यांत कमी काम झालंय ते बायकांवर. मुंबईहून गेलेल्यांत त्या थोड्या, पण नंबर त्यांनाही होता. नुसत्या धर्मविधीने लागलेलं लग्न कायद्यापुढे टिकत नसे, मुलं अनौरस ठरत, आणि सख्खी भावंडं कागदावर दोन वेगळ्या आडनावांनी उभी राहत. पुरुषाच्या बाजूने शोध थांबला की लोक हात टेकतात. त्या जागी खापरपणजीचा नंबर मागावा. ती वेगळ्या जहाजाने आलेली असू शकते, वेगळ्या जिल्ह्यातून, आणि तिच्या नोंदीत गाव नीट लिहिलेलं असू शकतं.