आकडा कोणाच्या हाती?

आम्ही कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. आमचे शिक्षण गिरणगावातील चाळीत, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून आजचा विषय अमेरिकेतला असला, तरी त्याकडे आम्ही चाळीच्या खिडकीतूनच पाहणार.

२०१७ पासून काही वर्षे अमेरिकेत एक विलक्षण बाजार भरत असे. अध्यक्ष डोनाल्ड ट्रंप आठवडाभरात ट्विटरवर किती संदेश टाकतील, यावर लोक पैसे लावीत. ‘प्रेडिक्टइट’ हा तो बाजार. न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाने तो २०१४ साली उघडला होता. संदेशांच्या संख्येचे गट पाडलेले असत. एका गटाचा शेअर १ ते ९९ सेंटांना मिळे. गट बरोबर आला तर १ डॉलर हाती पडे, चुकला तर शून्य. एका करारात एका माणसाने ८५० डॉलरांपेक्षा जास्त लावू नये, असा नियम होता.

या बाजारांमागे एक गंभीर विचार आहे. १९८८ साली आयोवा विद्यापीठातील अध्यापकांनी अध्यक्षीय निवडणुकीवर असा बाजार प्रथम चालविला. हजारो माणसांजवळ विखुरलेली माहिती भावाच्या रूपाने एकत्र येते, हे त्यांचे म्हणणे. ते अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. निवडणूक कोट्यवधी मतदारांच्या हाती असते. परंतु संदेशांचा आकडा कोणाच्या हाती असतो?

येथे आम्हांस मुंबईची आठवण होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पावसावर सट्टा चाले. ठरल्या वेळात पन्हळीतून पाणी वाहील की नाही, यावर पैजा लागत. १८८७ च्या जुगारबंदी कायद्यात पाऊस बसेना, म्हणून १८९० साली कायदा दुरुस्त करावा लागला. पुढे न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर आकडे लागू लागले. १९६० नंतर तो सट्टा आटला आणि मटका आला. मडक्यातून चिठ्ठी निघे, पुढे पत्ते निघू लागले. हा क्रम पाहा. पाऊस कोणाच्याच हाती नव्हता. कापसाचा भाव सातासमुद्रापलीकडच्या अनेकांच्या हाती होता. मटक्याचा आकडा मात्र काढणाऱ्याच्या हाती गेला. आमच्या चाळीतल्या कित्येकांचा पगार त्या हाताने नेला. घरी भाकरीला पीठ नसे आणि बाप ‘ओपन’ काय आला ते विचारीत फिरे.

अमेरिकेतला बाजार याच वाटेने गेला. ज्याच्यावर पैज, त्याच्याच अंगठ्याने आकडा हलतो. त्याने एक संदेश जास्त टाकला की शेकडो लोकांचे पैसे बुडाले. ८ जानेवारी २०२१ रोजी ट्विटर कंपनीने ट्रंप यांचे खाते बंद केले, तेव्हा तो अंगठाही मालकापुढे लटका पडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ती कंपनीच विकत घेतली. २०२४ पासून ‘पॉलीमार्केट’ या दुसऱ्या बाजारात खुद्द मस्क किती संदेश टाकतील यावर पैजा लागू लागल्या. २०२५ साली काही महिने ते सरकारी कारभारातही होते. म्हणजे खेळाडू तेच आणि मडकेही त्यांचेच! त्यांनी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. लबाडी न करताही ती करण्याची सोय ज्याच्यापाशी आहे, त्याच्याशी पैज लावणे हाच मूर्खपणा, एवढेच आमचे म्हणणे.

आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, हे बरे झाले. परंतु बंदी मटक्यावरही होती, आणि मटका चाललाच. कायद्याच्या जोडीला माणसाची सवय बदलावी लागते. उक्त्या दराने विणणारा कामगार दर ऐकण्याआधी विचारीत असे, “कापड मोजणार कोण?” तो प्रश्न अडाण्याचा नव्हता. ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती मजुरी, हे तो पोटाने शिकला होता. उद्या आपल्या मुलाच्या मोबाईलवर एखादा आकडा झळकला आणि त्यावर पैसे लाव असे कोणी म्हणाले, तर त्यानेही हाच प्रश्न विचारावा. तेवढे त्याला शिकविले, तर आजची संध्याकाळ कारणी लागली असे आम्ही समजू.