राजाची अडीच घरांची उडी

बुद्धिबळातला घोडा अडीच घरे उडी मारतो, असे आपण लहानपणीच शिकतो. पण आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेचा, म्हणजे ‘फिडे’चा, घोड्याच्या चालीचा नियम वाचला तर त्यात ‘उडी’ सापडत नाही! घोडा ज्या घरात उभा आहे त्याच्या आडव्या, उभ्या वा तिरप्या ओळीत नसलेल्या घरांपैकी सर्वांत जवळच्या घरात तो जातो, एवढेच तिथे म्हटले आहे. हत्ती, उंट आणि वजीर यांना मधली सोंगटी ओलांडायला मनाई आहे. घोड्याच्या वाटेत ‘मधले घर’च मानलेले नाही, म्हणून त्याला मनाई नाही. उडी हा आपण लावलेला अर्थ.

आपल्या देशी पद्धतीत तर राजालाही डावात एकदा घोड्याची चाल मिळे. अट एकच, तोवर त्याला शह बसलेला नसावा. वाक्य सोपे, पण अर्थ लावताना वाद ठरलेलाच. शह मध्ये प्यादे घालून अडवला, राजा जागचा हललाही नाही, तर उडीचा हक्क गेला का? उडीत समोरची सोंगटी मारता येते का? असे प्रश्न पट मांडण्यापूर्वीच मिटवून घेतलेले बरे!

ही सवलत आली कशासाठी? पटाच्या मध्यावरचा राजा धोक्यात असतो. त्याला चटकन आडोशाला नेण्याची सोय हवी. युरोपातही तेराव्या शतकात राजाच्या उडीचे नियम होते. त्यांतूनच पुढे राजा व हत्ती यांचा किल्लेकोट घडला. तोही सगळीकडे एकसारखा व्हायला एकोणिसावे शतक उजाडले. अडचण एकच, उत्तरे दोन.

ही दोन उत्तरे मुंबईत समोरासमोर आली. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप 1814 साली मुंबईत छापले गेले. ते ‘युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले’ आहे, असे त्याच्या मुखपृष्ठावरच नमूद होते. पुढे 1924 मध्ये फिडे आणि 1951 मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. 1955 च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. एकच नियम झाल्याने आपल्या खेळाडूंना जगाचे दार उघडले. राजाची उडी मात्र मागे पडली. छापील नियम टिकतो, तोंडी नियम खेळणाऱ्यांबरोबर जातो.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. नंदुरबार जिल्ह्यात मराठी, अहिराणी, भिली, पावरी आणि गुजराती बोलणारी घरे शेजारी-शेजारी आहेत. मुलांनी आपापल्या आजी-आजोबांना विचारावे: तुमच्या खेळात कोण कुणावरून उडी मारी, केव्हा, किती वेळा? मिळालेला नियम एका वाक्यात लिहून वर्गात वाचावा. दुसऱ्या गटाने तेवढ्याच वाक्यावरून खेळून पाहावे. जिथे भांडण होईल, तिथे एक अट लिहायची राहिली आहे असे समजावे. व्याख्या काटेकोर का हवी, हे त्या भांडणातून मुलांना आपोआप कळेल. आणि एखादा विसरत चाललेला खेळ वहीत तरी उरेल.