मुक्याची फिर्याद

२००६ साली मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे वस्तीतले सगळे अर्ज माझ्याकडे येत. रेशनकार्ड, घरकुल, निराधारांचा पगार, जे असेल ते मी लिही. त्या पावसाळ्यात एका रात्री शेजारची आजी आली. तिचा नातू जन्मापासून मुका-बहिरा, वय सतरा-अठरा. गावातल्या एका बागायतदाराकडे सालगडी होता. रात्री दावे सोडवून बैल उसात शिरले, म्हणून मालकाने त्याला रुमण्याने मारले. उजवा हात कोपरापाशी मोडला होता. आजी म्हणाली, "लेकरा, तू शिकलेला हाईस. चार ओळी लिहून दे. त्याचं तोंड न्हाई, तर त्याचं गाऱ्हाणं बी न्हाई का?"

मी अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे ठाण्यावर गेलो. जमादाराने कागद वाचला, पोराकडे पाहिले आणि विचारले, "मार कुणाला बसला? ह्याला. मग सांगायचं ह्यानं. मुका काय जबाब देणार? हे लिहिलेलं तुझं आहे, त्याचं नाही." अर्ज टेबलावरच राहिला. पुढे गावात बसून प्रकरण मिटवले गेले. दोन पोती ज्वारी घरी आली. हात वाकडाच सांधला.

'मुका काय जबाब देणार' हे वाक्य गेली अनेक वर्षे माझ्या डोक्यात आहे. इतिहास शिकवू लागलो तेव्हा कळले की ते त्या जमादाराच्या तोंडी आपोआप आलेले नव्हते. ते फार जुने आहे, आणि आमच्या वाट्याला आलेल्या वाक्याचे ते सख्खे भावंड आहे. महाराने काय बोलावे, आणि मुक्याने काय सांगावे? दोन्हींचा उगम एकच.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्क नसलेल्यांची यादी आहे. पतित, जन्मांध, बहिरा, वेडा, जड, मुका, सारे एका ओळीत बसवले आहेत. पुढच्याच श्लोकात त्यांना अन्नवस्त्र द्यावे असे म्हटले आहे. म्हणजे भाकर आहे, हक्क नाही. ही मांडणी आपल्या परिचयाची आहे. बलुत्याची भाकर आणि अपंगाची भाकर एकाच तव्यावर भाजली गेली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला, तेव्हा त्या ज्वाळेत ही यादीही जळाली, हे आपण क्वचितच लक्षात घेतो. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, वारसाहक्कातील अपात्रता दूर करणारा कायदा झाला. आंधळ्या-बहिऱ्यांना त्याने हक्क दिला. जन्मापासून वेडा वा जड असलेल्याला मात्र बाहेरच ठेवले. त्याला वारस ठरायला १९५६चा हिंदू वारसा कायदा यावा लागला.

इंग्रजांनी कायद्याचे राज्य आणले असे म्हणतात. अपंगांच्या बाबतीत ते कसे होते? १८९८च्या महारोग्यांच्या कायद्याने रस्त्यावरच्या निर्धन महारोग्याला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिला. घरात राहणाऱ्या पैसेवाल्या महारोग्याला हात लागत नव्हता. गुन्हा रोगाचा नव्हता, दारिद्र्याचा होता. वेड्यांविषयीच्या १८५८च्या आणि नंतर १९१२च्या कायद्यात मात्र एक आश्चर्याचे कलम सापडते. वेड्या माणसाला नातेवाईक वा सांभाळणारा क्रूरपणे वागवत असेल, त्याची हेळसांड करत असेल, तर पोलिसाच्या अहवालावरून किंवा कोणाही माणसाच्या माहितीवरून मॅजिस्ट्रेटने त्याला समोर आणवावे, असे ते कलम सांगते. म्हणजे दुसऱ्याने येऊन सांगण्याचा दरवाजा तेव्हापासून कागदावर उघडा होता. पण घरातल्या छळातून सोडवलेल्या वेड्याला ठेवायचे कुठे? वेड्यांच्या इस्पितळात. आणि तिथेच छळ झाला तर? त्याचे उत्तर शोधायला फार वर्षे गेली.

साक्षीची गोष्टही तशीच. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात ११९वे कलम होते. ज्याला बोलता येत नाही त्याने लिहून किंवा खुणांनी साक्ष द्यावी, ती तोंडी साक्षच समजावी. जमादाराने आम्हाला परत पाठवले तेव्हा ते कलम १३४ वर्षांचे झाले होते. कलम होते, ते वाचणारा ठाण्यात नव्हता, आणि वस्तीतही नव्हता.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? तुरुंगात कोणताही गुन्हा न केलेली मनोरुग्ण माणसे वर्षानुवर्षे कोंडलेली होती. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९९३ साली न्यायालयाने अशा माणसांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आणि घटनाबाह्य ठरवले. राज्यघटना लागू होऊन तेव्हा ४३ वर्षे झाली होती.

त्यानंतरच्याच वर्षी, फेब्रुवारी १९९४ मध्ये, आपल्या महाराष्ट्रात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय दिले? या मुलींना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. स्वच्छतेच्या नावाखाली माणसाच्या देहाचा निवाडा करणे आपल्याला नवीन नाही. त्या मुलींना आईबाप असून नसल्यासारखे. संमती देणारी संस्था, शस्त्रक्रिया करणारे सरकारी इस्पितळ, आणि तक्रार ऐकणारेही सरकारच. स्त्रीसंघटना आणि आरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांनी आवाज उठवला तेव्हा तो प्रकार थांबला.

एवढे घडल्यावर १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी मोठा कायदा आला. त्यात राखीव जागा होत्या, सवलती होत्या. अपंगाला मारणाऱ्या, उपाशी ठेवणाऱ्या माणसासाठी शिक्षा मात्र त्यात नव्हती. शिक्षेचे एक कलम होते: खोटेपणाने अपंगांच्या सवलती लाटणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. सरकारला आपल्या सवलतीची चोरी दिसली, माणसाचा मोडलेला हात दिसला नाही.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयघराला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही छळाची माहिती मॅजिस्ट्रेटला देण्याचे कलम होते. साखळ्या लपवलेल्या नव्हत्या. येणारे-जाणारे त्या रोज पाहत होते. पाहणे आणि सांगणे यांच्यात जे अंतर असते, त्या अंतरात ती माणसे जळाली. २०१० साली ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहातील मृत्यूंची बातमी वर्तमानपत्रात आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली. बातमी आली म्हणून दखल. जिथून बातमी येत नाही तिथे काय?

शेवटी २०१६चा कायदा आला. तो एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे ७वे कलम सांगते की अपंग व्यक्तीचा छळ, हिंसा वा शोषण झाले आहे, होत आहे किंवा होण्याचा संभव आहे असे ज्याला वाटते, अशा कोणाही माणसाने वा संस्थेने कार्यकारी दंडाधिकाऱ्याला माहिती द्यावी. तालुक्यात हे काम तहसीलदाराकडे असते.  पोलिसाकडे कोणी आले तर दंडाधिकाऱ्याचा पत्ता, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आणि फिर्यादीचा हक्क पोलिसानेच सांगायचा आहे. आणि ९२व्या कलमात अत्याचारांची यादी आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. लोकांच्या देखत अपमान करण्याच्या हेतूने केलेला अपमान, ही त्यातील शब्दरचना वाचा. १९८९च्या आपल्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचीच ती भाषा आहे. आपल्या माणसांच्या रक्ताने जी भाषा कायद्यात आली, ती अपंगांच्या कामी आली. याचा मला अभिमान वाटतो. त्याचबरोबर हेही दिसते की नावांचा खेळ तिथेही सुरू झाला आहे. २०१५ साली अपंगांना 'दिव्यांग' हे देवाघरचे नाव मिळाले. देवाचे नाव देऊन माणसाचे हक्क विसरायला लावण्याची रीत आपण आधीच एकदा अनुभवली आहे.

ज्याच्या देहावर जात आणि अपंगत्व दोन्ही आहेत, त्याचे काय? २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका खटल्यात निकाल दिला. अनुसूचित जातीची, जन्मांध, १९ वर्षांची मुलगी. २०११ मध्ये तिच्यावर बलात्कार झाला. तिने आरोपीला आवाजावरून ओळखले. अपंग साक्षीदाराची साक्ष कमी प्रतीची मानता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले आणि बलात्काराची जन्मठेप कायम ठेवली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील शिक्षा मात्र रद्द झाली. गुन्हा जातीच्या कारणानेच घडला, हे त्यावेळच्या कलमाप्रमाणे सिद्ध व्हायला हवे होते, ते झाले नाही. २०१६ पासून कलम बदलले आहे; जात माहीत असणे आता पुरते. पण तिच्यासाठी ते उशिरा आले. ती बाई होती, आंधळी होती, दलित होती. या तिन्ही गोष्टी एकाच देहात होत्या. कायद्याने त्यांच्यासाठी वेगवेगळी रजिस्टरे ठेवली, आणि एका रजिस्टरात तिची नोंद पुसली गेली.

आता माझ्या अर्जाकडे परत येतो. त्या रात्री अंगणात त्या पोराने सारे करून दाखवले होते. दोन बोटांची शिंगे केली, उसाच्या पात्यांची सळसळ हातांनी दाखवली, मालकाच्या मिशीला पीळ दिला, आणि मोडका हात पोटाशी धरून बसला. आजी एकेक खूण ओळखत होती. आम्हा सर्वांना कळत होते. ती पूर्ण फिर्याद होती. आणि मी काय लिहिले? 'सदर इसम मुका असल्याने सांगू शकत नाही, तरी मालकाने मारहाण केली असावी असे आम्हांस वाटते.' जमादाराने तोंडाने जे म्हटले ते मी आधीच कागदावर लिहून नेले होते. त्याला मी एकदाही विचारले नाही की, अर्जात काय लिहू? त्याचे नाव शाळेच्या दाखल्यात असेल. वस्तीत आम्ही सगळे त्याला 'मुक्या' म्हणत होतो.

गावाने आमच्या तोंडाला मडके बांधले, हे आपण जगाला सांगतो. ते सांगितलेच पाहिजे. पण आपल्या वस्तीतल्या किती घरांत एखादी वेडसर पोर दाव्याने बांधलेली असते, किती आंधळ्या म्हाताऱ्यांचा निराधार पगार सुना-मुलगे परस्पर उचलतात, हे कोण सांगणार? तहसीलदाराकडे द्यायचा अर्ज अर्ध्या पानाचा असतो. तो लिहायला प्रत्येक वस्तीत आता एक तरी शिकलेला आहे. त्याने आधी ज्याचे गाऱ्हाणे त्याच्यासमोर बसावे, त्याच्या खुणा वाचणाऱ्या आजीला जवळ घ्यावे, आणि 'असे आम्हांस वाटते' हे शब्द खोडून 'तो असे सांगतो' एवढेच लिहावे. मी ते लिहायला हवे होते.