गळा कोणाचा, नाव कोणाचं?

आजचा विषय आहे गाणाऱ्या यंत्रांचा. या इतिहासाला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो: यंत्र माणसासारखं गायला लागलं का? मी आज दुसरा प्रश्न धरून चालणार आहे. यंत्र गातं तेव्हा गळा कोणाचा असतो? आणि त्या माणसाला कोणी विचारलेलं असतं का?

सुरुवात १९६१ पासून करू. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची संशोधनसंस्था होती. तिथे जॉन केली आणि कॅरल लॉकबॉम यांनी आयबीएमच्या संगणकाकडून ‘डेझी बेल’ हे जुनं इंग्रजी गाणं गाऊन घेतलं. साथ मॅक्स मॅथ्यूज यांची, तीही संगणकावरच. यात कुणाचंही रेकॉर्डिंग नव्हतं. घशापासून ओठांपर्यंतचा मार्ग म्हणजे कमीजास्त रुंदीच्या नळ्यांची रांग, असं मानून तिच्यातून आवाज कसा जाईल याचं गणित मांडलं होतं. म्हणजे गळा होता तो कागदावरचा. परवानगी मागायची तरी कोणाची? पुढे आर्थर क्लार्क यांनी हे गाणं ऐकलं, आणि १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात हॅल नावाचा संगणक बंद पडता पडता हेच गाणं म्हणतो.

आता चाळीसेक वर्षं पुढे या. जपानची यामाहा कंपनी आणि बार्सिलोनाचं पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठ यांच्या संशोधनातून ‘व्होकॅलॉइड’ तयार झालं आणि २००४ मध्ये बाजारात आलं. याची पद्धत निराळी. खऱ्या माणसाला स्टुडिओत बसवायचं, बाराखडी म्हणावी तसे उच्चारांचे तुकडे त्याच्याकडून म्हणवून घ्यायचे. एका उच्चारातून दुसऱ्यात जाताना जो सांधा असतो ना, तोसुद्धा टिपायचा. मग सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याने शब्द आणि सूर भरायचे, आणि ते तुकडे जोडून गाणं उभं राहतं. इथे जिवंत गळा आला.

आणि त्याच्याबरोबर भीतीही आली. साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीला नवा आवाज हवा होता, पण व्यावसायिक गायक तयार होईनात. आपल्या आवाजाची नक्कल बाजारात फिरायला लागली तर आपल्याला कोण बोलावणार? तेव्हा कंपनी ॲनिमेशनला आवाज देणाऱ्या कलाकारांकडे वळली. साकी फुजिता यांनी आवाज दिला, केई या चित्रकाराने निळसर-हिरव्या केसांची सोळा वर्षांची मुलगी रेखाटली, आणि ३१ ऑगस्ट २००७ रोजी ‘हात्सुने मिकू’ आली. घरी बसून गाणी रचणाऱ्या, पण गायक हाताशी नसलेल्या असंख्य लोकांना गायिका मिळाली. जपानचा आजचा मोठा गायक केनशी योनेझू यानेही आधी ‘हाची’ या नावाने व्होकॅलॉइडसाठीच गाणी केली.

आवाज एकाचा, चेहरा दुसऱ्याचा, याचं आपल्याला नवल नाही. पार्श्वगायन दुसरं काय आहे? १९४९ च्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे पडद्यावरची मधुबालाची व्यक्तिरेखा. आवाज लता मंगेशकरांचा! रेडिओवर गाणं वाजलं, तसे श्रोते विचारू लागले, ही गाते कोण? मिकूच्या बाबतीत पात्राला नाव वेगळं दिलं, पण फुजितांचं नाव लपवलं नाही. आणि आवाज त्यांनी समजून-उमजून दिलेला होता. हा फरक लक्षात ठेवा.

कारण आता तिसरा टप्पा सुरू झाला आहे. तुकडे म्हणवून घेण्याचीही गरज उरलेली नाही. जुनी गाणी संगणकाला पुरवली की तो त्या गळ्याची लकब उचलतो. ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले. कुटुंबांची परवानगी घेतली, मोबदला दिला, असं त्यांनी जाहीर केलं. पण सगळेच काही विचारत नाहीत. म्हणून २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. दोन्ही वेळा न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: परवानगीशिवाय या आवाजाची नक्कल करायची नाही.

म्हणजे त्या जपानी गायकांची भीती काही खोटी नव्हती. ती जरा लवकर वाटली, इतकंच.

यंत्र गोड गातं की नाही, हे कान सांगतो. गळा कोणाचा आणि तो राजीखुशीने दिलेला आहे का, हे कानाला कळत नाही. ते विचारावंच लागतं, ‘महल’च्या श्रोत्यांनी विचारलं तसं. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.