मेंब्रेन जलशुद्धीकरण : बिदर-कलबुर्गीच्या संदर्भात
बिदरचे पठार जांभ्या दगडाचे, तर कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद चुनखडकाच्या फरशीसाठी प्रसिद्ध आहे. चुनखडकातून झिरपणारे पाणी कठीण होते. म्हणून मेंब्रेन यंत्रणेचा आराखडा स्थानिक पाण्याच्या तपासणीवरच आधारावा लागतो. अल्ट्राफिल्ट्रेशन गढूळपणा व जिवाणू रोखते, विरघळलेले क्षार नव्हे. फ्लोराइड लिटरमागे १.५ किंवा नायट्रेट ४५ मिलिग्रॅमहून अधिक असल्यास आरओचा पर्याय विचारात घेतला जातो. मेंब्रेनवर चुन्याचे पुट चढू नये, यासाठी पूर्वप्रक्रिया आवश्यक ठरते. आरओतून ६० टक्के शुद्ध पाणी मिळाल्यास उरलेल्या ४० टक्क्यांत क्षार सुमारे अडीचपट दाटतात. हे पाणी विहिरीजवळ सोडल्यास तेच क्षार पुन्हा भूजलात उतरतात. त्यामुळे त्याच्या विल्हेवाटीची सोय मूळ आराखड्यातच असावी लागते.